अचानक एक कान बंद झाला तर?

आज आम्ही कानाबद्दल बोलणार आहोत.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. आमच्या गटातल्या एक ताई सकाळी उठल्या आणि डाव्या कानाला फोन लावला, तर आवाजच नाही. उजव्या कानाला लावला तर स्पष्ट. डाव्या कानात रातकिड्यासारखी किरकिर. मळ असेल म्हणून घरच्यांनी कोमट तेल घातलं. आठवडा काढणीतच गेला. मग पाहुण्यांपैकी कुणी सांगितलं, शहरात सुया टोचून कान मोकळा करतात. तिथं दहा वेळा बोलावलं. कानाच्या डॉक्टरांकडं पोचेपर्यंत महिना उलटला होता. ऐकणं थोडंच परत आलं. बैठकीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा कळलं, हा आजार आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

कानाच्या आतल्या भागाला किंवा नसेला अचानक इजा होते आणि तीन दिवसांच्या, म्हणजे ७२ तासांच्या आत ऐकणं कमी होतं. बहुधा एकाच कानाचं. दुखत नाही, म्हणून आपण अंगावर काढतो. कान भरल्यासारखा वाटतो, आवाज येतो, कधी चक्करही येते. बहुतेक वेळा कारण सापडत नाही.

मळानंही कान बंद होतो, पण ते घरी ठरवू नका. डॉक्टर कानात बघतात, मशीनवर ऐकण्याची तपासणी करतात. नसेचा त्रास निघाला तर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात किंवा पडद्यातून कानाच्या आत इंजेक्शन देतात. हे जितकं लवकर तितकं बरं. पहिले दोन आठवडे मोलाचे. शुगर किंवा बीपी असेल, दिवस गेले असतील, तर आधी सांगा. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणू नका.

आता सुयांचं. ॲक्युपंक्चर ही चीनची जुनी विद्या. तिचं आपल्या शेजारच्या सोलापूरशी लांबचं नातं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथंच वारले. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजय बसू पुढं चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, परिषद आहे.

चिनी वैद्यकात कानाचा संबंध मूत्रपिंडाशी जोडतात. कानाभोवती आणि हातापायांवर ठरलेल्या जागी बारीक सुया टोचतात. अचानक आलेल्या बहिरेपणावर चीनमध्ये याचे बरेच प्रयोग झाले. पण पुष्कळ प्रयोग लहान होते आणि अनेकांत सुयांबरोबर औषधंही चालू होती. मग गुण कशानं आला, हे कसं सांगायचं? शिवाय बऱ्याच जणांचं ऐकणं पहिल्या दोन आठवड्यांत आपोआपही थोडंफार परत येतं. तेव्हा जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. तेलालाही आणि सुयांनाही.

म्हणून सुयांना आम्ही नावं ठेवत नाही. कुणाला घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून, त्यांना सांगून घ्याव्यात. टोचणाऱ्याची नोंदणी विचारा. सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं. कशाची आहे ते न सांगता दिलेली पुडी घेऊ नका. आणि सुयांसाठी डॉक्टरांकडं जाणं लांबवू नका.

अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जा. धाराशिवच्या सरकारी रुग्णालयात जा. केसपेपर काढतानाच सांगा, "कालपासून अचानक ऐकू येत नाही." कानासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तर लगेच १०८ ला फोन करा.

बाई कानाचं दुखणं सांगत नाही, कारण घरात "बहिरी झाली" म्हणून हसतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं फोन आधी एका, मग दुसऱ्या कानाला लावून बघा. फरक वाटला तर तिथंच सांगा. ताईंना कुणी सोबत गेलं असतं तर महिना वाया गेला नसता. सोबतीला गट आहे.