स्वस्त पुस्तक कोणाच्या मोबाइलमध्ये?

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आमगाव तालुक्यातील आमच्या वाचनगटाने एका पुस्तकाच्या ई-आवृत्तीची किंमत तीन ऑनलाइन दुकानांत पाहिली. तिन्हीकडे वेगळी, आणि एका ठिकाणी तर जवळपास छापील प्रतीइतकीच. “कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही. मग पैसे कशाचे?” एकीने विचारले. बहुतेकींना ही लूटच वाटली.

मला तसे सरसकट म्हणवत नाही. लेखिकेचे लिहिणे, संपादन, मुद्रितशोधन हे श्रम दोन्ही आवृत्त्यांत सारखेच असतात. दिसत नाहीत म्हणून ते फुकट, हा हिशेब घरकामाच्या बाबतीत आपण कधी मानला का? शिवाय छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-पुस्तकांवर २०१७ साली तो १८ टक्के लागला, आणि जुलै २०१८पासून छापील आवृत्ती असलेल्यांवर ५ टक्के झाला. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ची गोष्ट निराळी. त्यावर आता कोणाचाच स्वामित्वहक्क उरलेला नाही. तिथे नव्या प्रस्तावनेचे, टिपांचे पैसे जरूर द्यावेत. मूळ मजकुराचे कशाला?

पण खरी अडचण पुढेच आहे. धानाच्या कट्ट्याचा भाव ऐकून आपण थांबत नाही, कट्ट्यात किती किलो ते विचारतो. ई-पुस्तकात काय मिळते? बहुतेक दुकानांत फक्त वाचण्याची परवानगी, तीही एका खात्यापुरती. अमेरिकेत २००९ साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण पुस्तक घरातून जाऊ शकते हे कळले.

आमच्याकडे त्यासाठी कंपनीही लागली नाही. गटातल्या एकीने सर्वांत स्वस्त दुकानातून पुस्तक घेतले, नवऱ्याच्या खात्यावर. तो कामासाठी नागपूरला गेला, मोबाइल घेऊन. “पैसे माझे, पुस्तक त्याच्यासंग गेलं न,” ती म्हणाली. छापील प्रत मात्र अकराजणींनी वाचली. आता सांगा, स्वस्त कोणते पडले?

म्हणून प्रकाशकांकडे आपली मागणी केवळ सवलतीची नसावी. गटासाठी एक दर ठरवा, आणि त्या दरात गटातल्या प्रत्येकीला आपल्या मोबाइलवर फाइल ठेवू द्या. लेखिकेचे मानधन त्यातून कापू नका. पत्राचा मसुदा मी आणला आहे. चहानंतर तो वाचू, आणि देवरी-सालेकशाच्या मैत्रिणींनी त्यांच्याकडे रेंज नसते तो मुद्दाही त्यात घालावा.