नाव कोणाचे, जमीन कोणाची?

(जिल्हा बैठकीत खारघर येथे केलेले भाषण)



नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांना बोर्डो मिश्रण समजावून सांगायला नको. मोरचूद आणि चुना. सुपारीच्या घडांवर फवारले की कोळेरोग आटोक्यात राहतो. हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधले एक शहर. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले की नेमक्या त्याच वेलींवर केवडा पडत नाही. 1885 साली त्याने ते जगापुढे मांडले. शेतकऱ्याची युक्ती आधी, शास्त्र मागून.

आज आम्ही त्याच देशातल्या दुसऱ्या एका नदीबद्दल बोलणार आहोत आणि तिथून आपल्या गाढी नदीवर येणार आहोत.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, सुमारे 1,000 किलोमीटर. काठाला राजेरजवाड्यांचे वाडे, जुनी दगडी गावे आणि उतारावर द्राक्षबागा. या खोऱ्याचा मधला पट्टा युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा ठरवला. नदीच्या कडेने सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पाहुणा सायकल बागेपाशी लावतो, तळघरात जातो, वाइन चाखतो आणि जाताना चार बाटल्या घेतो. वुव्रे गावात ही तळघरे मऊ चुनखडीच्या डोंगरात आहेत. घरांसाठी, वाड्यांसाठी दगड काढला, त्या पोकळीत आज वाइन मुरते. पनवेल तालुक्यातल्या आपल्या दगडखाणी आठवून पाहा. डोंगर गेला, दगड शहराला गेला, गावाला राहिली ती धूळ.

मग तिथल्या शेतकऱ्याचे नशीब थोर का? नाही. त्याला तीन गोष्टी मिळाल्या आणि त्यातली एकही फुकट मिळाली नाही.

पहिली, भेसळीविरुद्धचा कायदा. 1907 साली फ्रान्सच्या दक्षिण भागात वाइनचे भाव कोसळले. व्यापारी साखर घालून खोटी वाइन बनवतात, असा द्राक्षवाल्यांचा आरोप होता. मार्सेलँ आल्बेर नावाचा गावकरी पुढे झाला. जूनमध्ये माँपेलिए शहरात लाखो माणसे जमली. नारबोनला सैन्याने गोळ्या चालवल्या, माणसे मेली. शेतकऱ्यांचीच पोरे असलेल्या एका पलटणीने बंड केले. त्याच महिन्याच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला.

दुसरी, नावाचा हक्क. 1935 च्या कायद्याने ठरले की वुव्रे हे नाव लावायचे तर द्राक्ष त्याच हद्दीतले हवे आणि वाइन ठरल्या पद्धतीने केलेली हवी. पॅरिसच्या व्यापाऱ्याला ते नाव पळवता येत नाही.

तिसरी, जमीन. 1960 च्या कायद्यातून तिथे जमीन-संस्था उभ्या राहिल्या. शेतजमीन विकायला निघाली की त्यांना कळवावे लागते आणि शेतकऱ्यासाठी ती आधी विकत घेण्याचा हक्क त्यांना आहे. म्हणून शहरवाल्याची नजर पडली तरी सगळी बाग बंगल्यांखाली जात नाही.

आता आपल्याकडे या. नाशिक-दिंडोरीच्या भागात वाइन आली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण केले, विंचूरला वाइन पार्क झाला. शहरातली माणसे गंगापूर धरणाकडे वाइन चाखायला येऊ लागली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. पण 2008 नंतर मंदी आली, वायनऱ्यांत माल पडून राहिला आणि फटका बसला बागायतदाराला. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे. खाण्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. वायनरीने हात वर केले की दुसरे दार नसते. कित्येकांनी बागा तोडल्या. ज्याची नुसती बाग, त्याच्या वाट्याला पडता भाव. बाटलीवर ज्याचे नाव, तो पुन्हा उभा राहू शकतो. याच दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे. ती स्वतःच्या नावाने द्राक्ष परदेशी पाठवते. दोन्ही धडे एकाच तालुक्यात आहेत.

आम्ही तुम्हाला द्राक्ष लावायला सांगत नाही. कोकणच्या पावसात केवडा वेल उभी राहू देणार नाही. आमचे म्हणणे खोऱ्याबद्दल आहे.

आपण बसलो आहोत ते खारघर. ओवे, कोपरा, बेलपाडा, मुर्बी ही गावे आज टॉवरांच्या मधे शोधावी लागतात. 1970 पासून ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. नारबोन आणि जासई यांत अंतर हजारो मैलांचे, पण रक्त शेतकऱ्याचेच.

आता गाढीचे खोरे बघा. माथेरानच्या डोंगरात उगम, देहरंगचे धरण, मालडुंगे, धोदाणी, वाजे, नेरे. भातशेती, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, करवंद, आंबा. रविवारी पहाटे सायकलवाले याच रस्त्याने जातात. त्यांचा पैसा पडतो हमरस्त्यावरच्या हॉटेलात. आपल्या दारात पडतात रिकाम्या बाटल्या. कडेच्या जमिनी फार्महाऊसवाल्यांनी घेतल्या, कुंपणे घातली, आणि कालचा मालक आज तिथे वॉचमन आहे. खालच्या अंगाला नेरे-विहीघर भागात नैना आली. तिच्या नगररचना योजनेत जमीनमालकाच्या हाती 40 टक्के भूखंड राहतो. भूखंडावर भात पिकत नाही.

म्हणून या बैठकीपुढे आमचे तीन ठराव.

एक. नदीकाठची आणि रस्त्याकडेची जमीन विकायची नाही. पैसा लागलाच तर ती मुदतीच्या भाड्याने द्यायची, तीही गावाच्या कंपनीमार्फत. एकट्याने सही करायची नाही.

दोन. न्याहारी, तांदळाची भाकरी, राहण्याची खोली, वाटाड्या हे सगळे गावाच्या संस्थेने चालवायचे. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही नोंदणी मिळते. वाडीवरच्या कातकरी बहिणीची करवंदे पाहुणा घेईल, तर पैसा तिच्याच हातात पडला पाहिजे. दलाल गेला आणि गावातलाच सावकार त्याच्या जागी बसला, तर आपण काय मिळवले?

तीन. नाव सांभाळायचे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये मानांकन मिळाले. आपल्या खोऱ्यातले कोणते भात, कोणते फळ त्या लायकीचे आहे, त्याची गावोगाव यादी पुढच्या बैठकीपर्यंत तयार करा.

आणि वारसा म्हणजे राजवाडेच असतात असे नाही. चिरनेरला 1930 साली जंगल सत्याग्रहात माणसे पडली. चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा-सात वर्षे जमीन पडीक ठेवली, उपास काढले, पण खोतापुढे वाकले नाहीत. सायकलवरून येणाऱ्या पाहुण्याला आपल्या पोरांनी हे सांगितले पाहिजे. त्यासाठी आधी ते पोरांना माहीत हवे.

पर्यटक आल्याने खोरे श्रीमंत होत नाही. जमीन, नाव आणि पक्का माल शेतकऱ्याच्या हातात असेल तरच पाहुण्याचा पैसा गावात थांबतो. खारघरची वेळ निघून गेली. गाढीच्या वरच्या अंगाला अजून वेळ आहे. ठराव वाचून दाखवतो. पटत असेल तर हात वर करा. पटत नसेल तर उठून बोला, पण गप्प बसून घरी जाऊ नका.