नदी मागाहून येते

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. खवळलेल्या लाटा, मोडलेले माड, उडालेले पत्रे. माझीही समजूत तशीच होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती बदलली.

तेव्हा आम्ही दोघे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात लेकीकडे गेलो होतो. टार नदीकाठचे लहानसे गाव. समुद्र शंभर किलोमीटरहून दूर. शनिवारी, ८ ऑक्टोबरला ‘मॅथ्यू’ चक्रीवादळ शेजारच्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर धडकले. आमच्याकडे नुसता पाऊस कोसळला. रविवारी लख्ख ऊन पडले. अंगणात खुर्ची टाकत मी म्हणालो, ‘‘चला, सुटलो!’’

लेक म्हणाली, ‘‘बाबा, वादळ गेलं. आता नदी येईल.’’

तिने मला १९९९ची हकिकत सांगितली. ‘फ्लॉइड’ वादळाच्या वेळी फ्लोरिडापासून वरच्या किनाऱ्यावरची पंचवीस लाखांहून अधिक माणसे घरे सोडून निघाली. रस्ते तुंबले. प्रत्यक्षात बळी गेलेल्यांपैकी बहुतेक जण पुराच्या पाण्यात बुडाले, आणि त्यातले कितीतरी समुद्रापासून दूर राहणारे होते. कारण वादळाची श्रेणी ठरते ती वाऱ्याच्या वेगावरून. पाऊस किती पडेल, हे त्या आकड्यातून कळत नाही. याच टार नदीवरचे प्रिन्सव्हिल हे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेले गाव. पुरापासून रक्षणासाठी तिथे बांध घातलेला होता. फ्लॉइडचे पाणी बांधावरून आले आणि घरे छपरापर्यंत बुडाली.

तरीही आमचा पाय निघेना. सौभाग्यवतीने लेकीच्या घरी घट बसवले होते. सोमवारी नवमी. ‘‘उठवायच्या आधी घट कसे हलवायचे?’’ हा तिचा प्रश्न, आणि ‘‘ऊन पडलंय, उगाच कशाला?’’ हा माझा. शेवटी लेक हात जोडून म्हणाली, ‘‘आई, देवी समजून घेईल. नदी नाही घेणार.’’ हिने देवीपुढे नारळ ठेवला, क्षमा मागितली आणि टाक पदरात बांधून ती गाडीत बसली.

दसरा आम्ही रॅलेला लेकीच्या मैत्रिणीकडे केला. नदीचे पाणी सर्वांत वर चढले ते १३ तारखेला, वादळानंतर पाचव्या दिवशी. प्रिन्सव्हिल पुन्हा बुडाले. या वेळी पाणी बांधाला वळसा घालून शिरले. मात्र लोकांना आधीच बाहेर काढलेले होते. परतलो तेव्हा लेकीच्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत गाळाची रेघ होती. घट जिथे मांडले होते, तो चौरंग स्वयंपाकघरात उलटा पडलेला होता. ही बराच वेळ काही बोलली नाही.

तिची तयारी मी तेव्हा नीट पाहिली. पिशवीत घराची कागदपत्रे, आठवड्याची औषधे, विजेरी, थोडी रोकड. जायचा रस्ता आधीच ठरवलेला, तोही सखल पूल टाळून. कारण पुलाजवळचे रस्तेच आधी पाण्याखाली जातात. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. म्हणून निघायचे ते उजेडी, रस्ता कोरडा असताना. आणि शेजारच्या एकट्या आजींना कोण नेणार, हेही ठरलेले होते. त्या आमच्याच गाडीत होत्या.

आपल्याकडे २०२१च्या जुलैत चिपळूण आणि महाडने पुराचे पाणी पाहिले. नदीकाठी राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी घरात बसून एवढेच ठरवावे: मागच्या पुरात पाणी आपल्या दारापासून किती दूर होते, निघायची वेळ आली हे कोण सांगणार, जायचे कुणाकडे आणि बरोबर कुणाला घ्यायचे. आमच्या घरात ही चर्चा आता मे महिन्यात होते. आणि ‘ऊन पडलंय’ हे कारण मी पुन्हा कधी पुढे केलेले नाही.