एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

(शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेले व्याख्यान)



फळ्यावर मी १४२८५७ ही संख्या लिहिली आहे. आपल्यापैकी अनेकांची तिच्याशी ओळख असेल. हिला दोनाने गुणल्यास २८५७१४ येतात, तिनाने ४२८५७१, चाराने ५७१४२८, पाचाने ७१४२८५ आणि सहाने ८५७१४२. दर वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फेर धरल्यासारखे. सातने गुणताच मात्र हा फेर मोडतो आणि ९९९९९९ उभे राहतात.

कोणी या संख्येला शुभ म्हणतात, कोणी गूढ. वर्गातही ती पुष्कळदा चमत्कार म्हणूनच दाखविली जाते आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या की पुढचा धडा सुरू होतो. माझी तक्रार आहे ती येथेच. या फेराचे कारण मुलांना येणाऱ्या साध्या भागाकारात आहे. ते न सांगणे म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढून घेणे होय.

एकाला सातने भागू या. दहाला भाग जातो एकदा, बाकी ३. तीसला चारदा, बाकी २. वीसला दोनदा, बाकी ६. साठला आठदा, बाकी ४. चाळीसला पाचदा, बाकी ५. पन्नासला सातदा, बाकी पुन्हा १. भागाकाराचे अंक झाले १४२८५७ आणि बाक्या १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. येथे त्या सहाही येऊन गेल्या. आता दोनाला सातने भागावयाचे, म्हणजे याच साखळीत बाकी २ पासून आरंभ करावयाचा. म्हणून अंक येतात २८५७१४. उरलेल्या गुणाकारांचेही असेच आहे. सात सप्तमांश म्हणजे पूर्ण एक, आणि दशांशात तो अखंड नवांनी लिहिता येतो. तेच हे नऊ.

बाक्यांकडे आणखी थोडे पाहा. १ आणि ६, ३ आणि ४, २ आणि ५ : तीन घरे सोडून येणाऱ्या बाक्यांची बेरीज सातच. म्हणूनच संख्येचे मधोमध दोन भाग केले, तर १४२ आणि ८५७ यांची बेरीज ९९९ होते.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे भाग पाडून बेरीज करा. मूळची १४२८५७ परत मिळते. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. हे नाव मी शिक्षकांच्या सभेत मुद्दाम घेतो. विद्यापीठातील पद नसताना, शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी हे काम केले.

सातचा हा गुण सर्वच मूळ संख्यांत नाही. तेराने एकाला भागले तर ०७६९२३ या सहाच अंकांचे आवर्तन येते. बारापैकी सहा बाक्या वगळल्या जातात. १७ आणि १९ मात्र सातच्या पंक्तीतले. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय? त्या अनंत असाव्यात, असा तर्क एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडला; त्याची निरपवाद सिद्धता अद्याप कोणी दिलेली नाही. मुलांच्या पाटीवरचा भागाकार असा अनुत्तरित प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचतो.

सतराचा भागाकार मुलांकडून अवश्य करवून घ्या. सोळा अंक येतील : ०५८८२३५२९४११७६४७. पहिले शून्य मात्र गाळू देऊ नका. ते गाळले तर फेर जुळणार नाही.