दोघांचा प्रवास : दक्षिण स्पेनची आंखणी

प्रवासाची आंखणी हा विषय दिसण्यांत फार साधा आहे. नकाशा, वेळापत्रक आणि पैशाचा हिशेब या तीन गोष्टी जुळल्या कीं आंखणी झाली, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु दोन माणसांनीं मिळून करावयाच्या प्रवासाला आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे त्या दोघांना प्रवासांतून काय हवें आहे याचा उलगडा. हा उलगडा घरीं झाला नाहीं, तर तो परक्या गांवीं, थकल्या पायांनीं, भर चौकांत होतो. आजच्या भाषणांत मी दक्षिण स्पेनमधील एका लहानशा प्रवासाची आंखणी आपणांपुढें मांडणार आहें. प्रवासी दोघे : मी, एक सेवानिवृत्त शिक्षक, आणि माझी पत्नी. राहणार नागपूर, लकडगंज. हातीं रात्री अवघ्या आठ.

स्पेनच कां, असा प्रश्न आमच्या आप्तेष्टांपैकी पुष्कळांनीं केला. स्पेनच्या दक्षिण भागाला अंदालुसिया म्हणतात. इ. स. ७११ मध्यें तारिक नांवाचा सेनापति आफ्रिकेंतून समुद्र ओलांडून तेथें उतरला. 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, या शब्दांपासूनच जिब्राल्टर हें नांव झालें. तेव्हांपासून १४९२ च्या जानेवारींत ग्रानादाचें राज्य पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ शतकें, या भूमीच्या कोणत्या ना कोणत्या भागावर मुसलमानी सत्ता होती. पूर्वेकडील विद्या, शेतीची पिकें व पाणी खेळविण्याची कला युरोपांत ज्या वाटांनीं शिरली, त्यांपैकी एक मोठी वाट हीच. आपल्या संस्कृतांतील 'नारंग' शब्द फारसी व अरबी भाषांतून तेथें पोहोंचला आणि स्पॅनिश भाषेंत 'नारांखा' झाला. 'शर्करा' तशीच प्रवास करीत 'असूकार' झाली. नागपूरच्या माणसाला संत्र्यांची कांहीं अपूर्वाई नाहीं. पण सेव्हिल शहराच्या रस्त्यांवर दुतर्फा जीं हजारों झाडें आहेत, त्यांचें फळ इतकें कडू कीं कोणी तें सोलून खात नाहीं, त्याचा मुरंबा करितात, हें ऐकून आमच्या घरांत मोठें कुतूहल उत्पन्न झालें. शिवाय गुलबर्ग्याच्या किल्ल्यांतील १३६७ सालची जामा मशीद आम्ही दोघांनीं पाहिलेली आहे. मशिदीला एरवीं जें मोकळें अंगण असतें तें तिला नाहीं. सगळीच्या सगळी छताखालीं घेतलेली. तिची तुलना जाणते लोक कोर्दोबाच्या मशिदीशीं करितात. तेव्हां ती दुसरी वास्तु एकदां पाहावी, ही इच्छा पुष्कळ दिवसांची होती.

आतां अडचणीची बाजू. चाळीस वर्षांच्या संसारांत आम्हीं प्रवास थोडा केला असें नाहीं. परंतु प्रत्येक प्रवासाचें कारण दुसऱ्याचें होतें. कोणाचें लग्न, कोणाची मुंज, कोणाचें आजारपण. आणि मधूनमधून पंढरपूर. नुसतें आपणां दोघांना जावेंसें वाटलें म्हणून निघालों, असें एकदांही घडलें नाहीं. यंदा मुलें आपापल्या ठिकाणीं स्थिर आहेत, निवृत्तिवेतनांतून बाजूस टाकलेली रक्कम पुरेशी झाली आहे. परंतु पत्नीच्या गुडघ्यांनीं तक्रार सुरूं केली आहे. सलग दोन तासांहून अधिक चालूं नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. पांच वर्षांनीं जाऊं म्हटलें तर तेव्हां हे दोन तासही राहतील कीं नाहीं, कोणी सांगावें? म्हणून हा प्रवास लांबणीवर टाकण्याजोगा नाहीं, आणि वाया घालविण्याजोगा तर मुळींच नाहीं.

आंखणीस बसतांना आम्हीं दोघांनीं आपापलें मागणें कागदावर लिहिलें. माझ्या कागदावर नऊ नांवें होतीं : तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, कादिस, रोंदा, मालागा, ग्रानादा, आल्मेरिया आणि जिब्राल्टर. पत्नीच्या कागदावर एकच वाक्य होतें : "अहो, जिथें जाऊं तिथल्या एखाद्या अंगणांत निवांत बसतां आलें पाहिजे, आणि रोज उठून सामान बांधायला लावूं नका." हीं दोन मागणीं एका वेळापत्रकांत बसेनात. तेव्हां आम्हीं गणिताचा आश्रय केला. गांव बदलावयाचें म्हणजे सामान आवरणें, खोली सोडणें, स्थानक गांठणें, नवी खोली शोधणें. यांत अर्धा दिवस सहज जातो. आठ रात्रींत आठ वेळां गांव बदललें तर चार दिवस केवळ हमालींत जावयाचे. तीनच शहरें ठेवलीं तर सगळे मिळून दीड दिवस जातो. हा हिशेब फळ्यावरच्या उदाहरणासारखा स्वच्छ होता. कोर्दोबाला दोन रात्री, सेव्हिलला तीन आणि ग्रानादाला तीन, असें ठरलें. रोंदाची खोल दरी आणि तिच्यावरचा पूल यादींतून खोडतांना माझा हात क्षणभर अडखळला, हें मात्र सांगितलेंच पाहिजे.

यापुढची पायरी म्हणजे महिना ठरविणें. मे-जूनच्या उन्हापासून पळून जावें असें नागपूरकराला वाटणें साहजिक आहे. परंतु सेव्हिलचा उन्हाळाही चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. पैसे खर्चून नागपूरहून नागपुरांतच जाण्यांत काय अर्थ? मार्च महिना आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध हे दोन काळ सोईचे. मार्चच्या सुमारास नारिंगाच्या झाडांना मोहोर येतो व साऱ्या शहरांत सुगंध पसरतो, म्हणून आम्हीं मार्च पसंत केला. पण येथें एक खबरदारी घ्यावी लागते. ईस्टरचा सण आपल्या सणांप्रमाणेंच चंद्रावर चालतो : वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार, असा ढोबळ नियम आहे. त्या आधींच्या आठवड्यांत सेव्हिलमध्यें मिरवणुकींची एवढी गर्दी असते कीं खोल्यांचे दर चढतात व रस्ते अडतात. ज्यांना तो सोहळाच पाहावयाचा आहे त्यांनीं अवश्य जावें. ज्यांना निवांतपणा हवा त्यांनीं त्या वर्षींची तारीख आधीं पाहून घ्यावी.

तिकिटें काढण्याचा क्रम प्रवासाच्या क्रमाप्रमाणें ठेवूं नये. जी गोष्ट सर्वांत दुर्मिळ, तिची तारीख प्रथम धरावी. या प्रवासांत ती गोष्ट म्हणजे ग्रानादाचा अलहाम्ब्रा. तेथील नास्री राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, तिकीट नांवानें मिळतें, आणि दारावर पारपत्र पाहतात. ठरलेली वेळ चुकली तर तो राजवाडा बाहेरूनच पाहावा लागतो. म्हणून आधीं अलहाम्ब्राचा दिवस, मग त्याच्या मागचीं दोन गांवें, आणि शेवटीं विमान, अशी उलट मांडणी आम्हीं केली. प्रवेशपरवान्याचे, म्हणजे शेंगेन व्हिसाचे, नियमही या ओघांतच सांगतों. अर्ज प्रवासाच्या आधीं सहा महिन्यांपासून करतां येतो आणि निदान पंधरा दिवस आधीं तो झालाच पाहिजे. पारपत्र परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारें हवें, आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. आमच्या वयाच्या माणसांनीं हा विमा सरकारी अट म्हणून उरकूं नये; जुन्या दुखण्याविषयीं त्यांत काय लिहिलें आहे, तें चष्मा लावून वाचावें.

नागपूरहून स्पेनला थेट विमान नाहीं. मुंबई किंवा दिल्ली, तेथून वाटेंत एकदां विमान बदलून माद्रिद. माद्रिद ते सेव्हिल ही वेगवान आगगाडी १९९२ सालीं सुरू झाली. ती कोर्दोबावरून जाते आणि माद्रिदहून कोर्दोबा दोन तासांच्या आंत येतें. कोर्दोबाहून सेव्हिल पाऊण तास, सेव्हिलहून ग्रानादा अडीच-तीन तास. मोटार भाड्यानें घेण्याचा मोह आम्हीं टाळला. या जुन्या शहरांतील गल्ल्या आपल्या महालांतल्या गल्ल्यांहून रुंद नाहींत, आणि तेथें वाहन उजव्या बाजूनें हांकावें लागतें. आगगाडींत दोघांनाही खिडकीबाहेरचे ऑलिव्हचे मळे पाहतां येतात. मोटारींत एकाला रस्ताच पाहावा लागतो.

दिवसाची वांटणीही आधींच ठरवून ठेवली. सकाळीं एक मोठी वास्तु, दुपारीं जेवण व विश्रांति, संध्याकाळीं मोकळें फिरणें. यांत आम्हीं कांहीं नवें केलें नाहीं. त्या देशाची रीतच अशी आहे. 'सिएस्ता' हा शब्द लॅटिनमधील सहाव्या तासाच्या नांवावरून आला आहे. दुपारीं दोन ते चार जेवण, पुष्कळशीं लहान दुकानें बंद, आणि रात्रीचें जेवण नऊनंतर. दारावर वाळ्याच्या ताट्या सोडून दुपार काढणाऱ्या नागपूरकराला हें शिकवावें लागत नाहीं. मात्र रात्रीं नऊपर्यंत उपाशी राहणें आम्हांस झेपणार नाहीं. म्हणून खोली अशी पाहिली कीं जेथें चहा करतां येईल व सोबतचे पोहे भिजवतां येतील.

शाकाहारी मंडळींस अन्नाची काळजी वाटते, ती अनाठायीं नाहीं. तेथें डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भाजीवर व सूपावरही पेरतात. आणि 'बेखेताल', म्हणजे भाज्यांचें, असें नांव असलेल्या सँडविचमध्येंही पुष्कळदां मासा असतो. बटाट्याचें 'तोर्तिया' अंड्यांत केलेलें असतें. उलट सेव्हिलकडे पालक आणि हरभरे एकत्र शिजवितात, कोर्दोबाला वांग्याचे तळलेले काप उंसाच्या काकवीबरोबर देतात. हीं नांवें ऐकून पत्नीला बराच धीर आला. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन', म्हणजे मांस नको, मासा नको, हॅम नको, हें वाक्य आम्हीं दोघांनींही पाठ केलें आहे, आणि कागदावर लिहूनही घेतलें आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. तीन शहरें ठरलीं तरी प्रत्येक शहरांत काय पाहावयाचें हा प्रश्न उरतोच. त्यावर आम्हीं असा तोडगा काढला कीं प्रत्येक शहरांत एक जागा दोघांची, एक तिच्या पसंतीची आणि एक माझ्या पसंतीची. याहून अधिक कांहीं नाहीं.

कोर्दोबाची मशीद दोघांची. इ. स. ७८५ मध्यें तिचें काम सुरू झालें. साडेआठशेंहून अधिक खांब, त्यांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, आणि मध्यभागीं सोळाव्या शतकांत बसविलेलें ख्रिस्ती मंदिर. त्याच गांवांत वियाना नांवाच्या जुन्या वाड्यांत बारा अंगणें आहेत : कुंड्या, वेली, विहीर, कारंजें. ती पत्नीची जागा; तिनें मागितलेलें अंगण एकाऐवजीं बारा वेळां मिळणार. सेव्हिलमध्यें अल्काझार राजवाडा दोघांचा. ख्रिस्ती राजानें चौदाव्या शतकांत तो मुसलमानी धर्तीच्या कारागिरीनें सजविला, हें मला मोठें बोलकें वाटतें. तेथील इंडीज दप्तरखाना माझा. १७८५ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहांत स्पेनच्या समुद्रापारच्या साम्राज्याचे कागद आहेत. शिक्षकाला कागदांचा वास पुरे होतो. हिराल्दा मनोऱ्यावर चढावें कीं नाहीं, तें पत्नीनें तेथेंच ठरवावयाचें आहे. वर जाण्यास बहुतेक ठिकाणीं पायऱ्या नसून उतार आहे, आणि आम्हांस निम्म्यावरून परतण्याची लाज नाहीं.

अलहाम्ब्रांत सिंहांचा चौक आहे, दारो नदीचें पाणी कालव्यानें आणून खेळविलेलीं कारंजीं आहेत. छत्रपति संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना या पाण्याच्या हौसेची ओळख चटकन् पटेल. पण मला ओढ आहे ती कोमारेसच्या दिवाणखान्यांतील छताची. लांकडाचे आठ हजारांहून अधिक तुकडे जुळवून तेथें सात स्वर्गांचें आकाश रचलें आहे. ज्यानें उभी हयात लकडगंजांत, लांकडाच्या वखारी आणि आरागिरण्यांच्या सहवासांत काढली, त्यानें तें छत पाहिल्यावांचून परत येऊं नये. त्या वेळीं पत्नी बाहेर हौदाच्या कांठीं बसणार आहे. असें थोडा वेळ वेगळें होण्याची मुभाही आम्हीं आंखणींत मुद्दाम ठेवली आहे. भेटण्याची जागा आणि वेळ ठरलेली असावी, आणि मुक्कामाचा पत्ता दोघांच्याही खिशांत असावा, म्हणजे झालें.

श्रोतेहो, आपणांपैकी सगळेच कांहीं स्पेनला जाणार नाहींत. कोणी चिखलदऱ्याला जाईल, कोणी गुलबर्गा-विजापूरला. परंतु दोघांनीं निघावयाचें असेल तर दोन कागद घ्यावे, दोघांनीं आपापलें मागणें वेगवेगळें लिहावें, आणि वेळापत्रक नंतर करावें. आमची वही अशा रीतीनें भरली आहे. तिच्या शेवटच्या पानावर पत्नीनें एक दुपार कोरी ठेवावयास लावली आहे. ग्रानादांतील तिसऱ्या दिवसाची. तिच्यांत काय घालावें, असें मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "तें तिथें गेल्यावर दोघे मिळून पाहूं." ती दुपार मीं अद्याप कोरीच ठेवली आहे.