चित्राबरोबर नाव व गावही जावे



खेड्यातील हस्तकला सणासुदीला घराची शोभा वाढविते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तीच कला संकटकाळी चूल पेटवू शकते, हे १९६६-६७ साली बिहारमधील दुष्काळात दिसून आले. पिके करपली होती व मजुरी मिळेनाशी झाली होती. अशा वेळी पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठविले. तेथील स्त्रिया लग्नघराच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रे काढीत असत. कुलकर्णी यांनी त्यांना कागद दिला. भिंतीवरील चित्र गावातच राहत असे. कागदावरचे दूरच्या शहरी विकले जाऊ लागले. चित्राबरोबर ते काढणारीचे नावही गेले. जितवारपूरच्या सीतादेवींना १९८१ साली ‘पद्मश्री’ मिळाली.

पुढे हेच कुलकर्णी डहाणूकडील वारली पाड्यांवर गेले. तेथे लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. गेरूने सारविलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीची कुंचली एवढेच त्यांचे साहित्य असे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांनाही ‘पद्मश्री’ मिळाली. तथापि ज्या सुवासिनींनी ही कला जतन केली, त्यांतील बहुतेकींची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. पुढे या आकृती यंत्राने कापडावर व कपबशांवर छापल्या जाऊ लागल्या, आणि गावाचे नावही लोपू लागले. तेव्हा आदिवासी तरुण संगणक व भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने एकत्र आले. त्यांनी आपली चित्रे व आपल्या समाजाचे प्रश्न एकाच वेळी लोकांपुढे मांडले. २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले व तिच्या नावास कायद्याचे संरक्षण लाभले.

बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षकांनी यावरून बोध घ्यावयाचा आहे. मेहकर-लोणारकडील बंजारा तांड्यांतील काचा-कवड्यांचे भरतकाम, घरोघरच्या गोधड्या, पोळ्याचे मातीचे बैल, भुलाबाईच्या मूर्ती हे सर्व शाळेच्या उंबरठ्याशीच आहे. आज शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप समूहांतून एखादे छायाचित्र क्षणार्धात शेकडो ठिकाणी पोहोचते. परंतु ‘सुंदर कलाकृती’ एवढेच लिहून ते पाठविले, तर दुसऱ्या समूहात जाईपर्यंत ते निनावी होते. मग गोधडी शिवणाऱ्या आजीस ना मान मिळतो, ना मागणी.

याकरिता चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, वस्तू करणाऱ्या व्यक्तीची संमती घ्यावी. दुसरी, तिची इच्छा असल्यास तिचे नाव व गाव छायाचित्राच्या आतच लिहावे, म्हणजे ते गळून पडणार नाही. तिसरी, वस्तू कशाची, कोणत्या प्रसंगी व कशी करतात, हे तिच्याच शब्दांत दोन ओळींत द्यावे. हे टिपण मुलांनी घरी विचारून लिहिल्यास भाषेचा व परिसर अभ्यासाचा पाठही साधतो. चौथी गोष्ट मुलांविषयीची. आटलेली विहीर किंवा कामासाठी परगावी गेलेले आईवडील मूल चित्रात दाखविते, तेव्हा ते आपले दुःखच सांगत असते. असे चित्र पालकांच्या संमतीवाचून बाहेर पाठवू नये. पाठविल्यास मुलाचे छायाचित्र व पूर्ण नाव देऊ नये. त्याहीपूर्वी ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे, कारण पाण्याचा वा स्थलांतराचा प्रश्न सोडविण्यास प्रथम गावानेच हात घालावयाचा असतो.

दूरच्या लोकांची वाहवा मिळणे आनंदाचे आहे. परंतु त्या वाहवेचा काही अंश तांड्यावरील भरतकाम करणाऱ्या मातेपर्यंत पोहोचला, तिच्या मुलीस आपल्या आईच्या हातांचा अभिमान वाटला व ती शाळेत टिकली, तर शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे. येत्या सत्रात प्रत्येक शाळेने आपल्या गावातील निदान एका कारागिराची अशी नोंद करून ती शाळेच्या दप्तरी जतन करावी.