धुराच्या वाटेवरची राखण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. विषय घेतला आहे इंजिनिअर लोकांचा. पण धूर ओळखायला बाईमाणसाला कोणी शिकवावे लागत नाही. भाजी करपली की माजघरात बसूनही आपल्याला कळते.

माजिवड्याच्या जुन्या घरांत कौलांच्या फटींतून धूर आपला निघून जाई. आता भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. मॉल, इस्पितळे, सभागृहे यांच्या खिडक्या बंद, आणि गार हवा छतामागच्या पत्र्याच्या बोगद्यांतून फिरते. त्यांना डक्ट म्हणतात. एका खोलीत पेटले, तर गारवा पोचवणारा पंखाच धूरही दहा खोल्यांत पोचवतो.

29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागली. 14 माणसे दगावली, बहुतेक गुदमरून. कितीतरी जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते. दोष तिथल्या डक्टचा होता असे मी म्हणत नाही. ज्वाळेच्या आधी धूर गाठतो, एवढेच सांगायचे आहे.

म्हणून डक्टलाच एक राखणदार बसवतात. भोके पाडलेली नळी डक्टमध्ये आडवी घालतात. वाहत्या हवेतली थोडी हवा तिच्यातून बाहेरच्या डबीत येते. डबीत उजेडाचा किरण असतो. कवडशात जशी धूळ चमकते, तसा धुराने तो उजेड विखुरतो आणि डबी इशारा देते. मग पंखा थांबतो, जोडलेली असेल तर डक्टमधली झडपही मिटते. मात्र पंखा बंद असला तर हवा वाहत नाही आणि डबीला काही कळत नाही. म्हणून खोलीच्या छताला निराळे यंत्र हवेच.

आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या वर्षी हा भोंगा उगाच तीनदा वाजला. लग्नघरची माणसे वैतागली. "बंदच करून टाका," असा ठराव सभेपुढे आला. मी उभी राहून विचारले, "डबी शेवटची साफ कधी केली?" कोणालाच सांगता येईना. जाणकाराला बोलावून उघडली, तर आत धूळ नि जळमटे! साफ केल्यापासून भोंगा उगाच वाजलेला नाही. ठराव मात्र अजून मागे घेतलेला नाही. पुढच्या सभेत तो मताला येणार आहे.

महाराष्ट्रात आगीपासून बचावाचा 2006 चा कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतींनी दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, आगीची साधने चालू असल्याचा परवानाधारक माणसाचा दाखला द्यायचा असतो. तो दाखला पाहायला मागा. घर आपल्या नावावर नसेल, तर ज्याच्या नावावर आहे त्याला जेवताना विचारा. तेव्हा तो उठून जात नाही!

आणि भोंगा वाजलाच तर लिफ्ट नको, जिना धरा. धुरात वाकून चाला, आणि 101 ला फोन करा.

घराची राखण आपण करतोच. तिच्यात ही एक डबी वाढवू या.